बिननॉबची शेगडी आणि बिनफोडणीचे पोहे



आज मी तुमच्याशी माझ्या शेगडीबद्दल बोलणार आहे. विषय ऐकून हसू आलं असेल, तर हसा. मीसुद्धा तीन वर्षं हसतच होते. या एप्रिलमध्ये माझ्या सासूबाई चिपळूणहून आमच्याकडे आल्या आणि ते हसणं थांबलं. जे सांगणार आहे ते त्यांची परवानगी घेऊन सांगते आहे. त्या आत्ता घरी रेडिओसमोर बसल्या आहेत, त्यामुळे मला फार तिखटमीठही लावता येणार नाही.

तर शेगडी. इथे तिला हॉब म्हणतात, हे तुम्हाला माहीतच आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही मिल्टन कीन्सच्या आमच्या घराचं स्वयंपाकघर नवं केलं. जुना हॉब विजेवरचा होता, त्याला समोर चार नॉब होते. दिसायला अगदीच ओबडधोबड. नॉबच्या बुडाशी तेल आणि हळद साचून असा काही थर बसायचा, की दर शनिवारी मी जुना टूथब्रश घेऊन तो खरवडत बसायची. त्यामुळे दुकानात ती सपाट, काळी, आरशासारखी काच पाहिली आणि मी भाळले. इंडक्शन हॉब, एकही नॉब नाही, सगळं स्पर्शावर चालणारं. मी काचेवरून हात फिरवला. हात कोरडा होता, काच थंड होती आणि हॉब बंद होता. चालू करून बघायचं मला सुचलं नाही आणि विक्रेत्यानंही दाखवलं नाही. फडका मारला की झालं, एवढंच तो म्हणाला. मला तेवढंच ऐकायचं होतं.

पहिल्याच दिवशी आमटीची फोडणी करायला घेतली. तेल तापलं, मोहरी टाकली, ती तडतडली. आता आच कमी करायची. जुन्या शेगडीवर काय करायचो? नजर मोहरीवर, आणि डावा हात आपोआप नॉबकडे. इथे तसं नाही. आधी कुठली चूल ते बोटानं निवडायचं. मग ‘वजा’च्या खुणेवर बोट ठेवायचं. आठवरून तीनवर यायचं तर पाच वेळा. प्रत्येक वेळी बीप. तिसऱ्या बीपला मोहरी जळली होती.

दुसऱ्या आठवड्यात डाळ उतू गेली. फेस त्या खुणांवर गेला आणि हॉब केकाटायला लागला. पाच-सहा बीप दिले आणि चारही चुली एकदम बंद. म्हणजे डाळ बंद, भात बंद, पोळ्यांचा तवाही बंद. काच पुसायला गेले तर ओल्या फडक्यानं कुलूप लागलं. लहान मुलांसाठी एक कुलूप असतं ना, त्याच्या किल्लीच्या चित्रावर काही सेकंद बोट दाबून धरायचं. फडका बहुधा तिथेच टेकला. काचेवर ‘एल’ अक्षर आलं. ते ‘लॉक’चं हे कळायला मला माहितीपुस्तक काढावं लागलं. ते इंटरनेटवर होतं आणि माझ्या हाताला कणीक लागलेली होती.

पण मी सरावले. आपण सरावतोच. माझी मुलगी तर दोन दिवसांत तरबेज झाली. उजवीकडे एक पेपर-टॉवेल ठेवायचा, बोट आधी त्यावर पुसायचं, मग खूण दाबायची. फोडणी करताना भांडंच उचलून बाजूला धरायचं. पाहुणे आले की मी हे सगळं गंमत म्हणून सांगायची.

मग एप्रिलमध्ये आई आल्या. मी सासूबाईंना आईच म्हणते. सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या. वय 76. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी एका डोळ्यानं कमी दिसतं. सकाळी आम्ही दोघं कामाला, मुलगी शाळेला. दिवसभर आई घरी एकट्या. पहिल्या रविवारी मी त्यांना सगळं दाखवलं. किटली त्यांना पाच मिनिटांत जमली. पाणी घाला, दांडी खाली करा, दिवा लागतो, पाणी उकळलं की टक्‌ आवाज होऊन आपोआप बंद. “हे बरंय गं,” त्या म्हणाल्या. हॉबचंही दाखवलं. त्यांनी त्यांच्या छोट्या वहीत लिहून घेतलं. एक, दोन, तीन असे आकडे घालून. मी निश्चिंत झाले.

रोज संध्याकाळी मी विचारायची, “दुपारी काय जेवलात, आई?” “जेवले हो, पोटभर,” असं उत्तर यायचं. रात्रीचा स्वयंपाक मी आल्यावर करायची, तेव्हा त्या चिरून द्यायच्या, निवडून द्यायच्या, कणीक मळून द्यायच्या. शेगडीपाशी मात्र उभ्या राहायच्या नाहीत. मला वाटलं, सून आली की सासूनं बाजूला व्हावं, असा काही त्यांचा विचार असेल. खरं सांगायचं तर मला ते बरंही वाटलं.

साधारण दोन आठवड्यांनी फ्रिजमध्ये एका वाटीत दडपे पोहे दिसले. त्यांच्या हातचे दडपे पोहे म्हणजे आमच्याकडे सण असतो. मी उभ्याउभ्याच चमचाभर तोंडात टाकले. पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, कोथिंबीर, लिंबू, मीठ-साखर, सगळं जागच्या जागी. पण फोडणी नव्हती. मोहरी नाही, हिंग नाही, हळदीचा रंग नाही. ज्यांनी कोकणातले दडपे पोहे खाल्लेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल. मी विचारलं, “आई, फोडणी नाही घातलीत?” त्या म्हणाल्या, “डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलंय ना.” मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

पुढच्या गुरुवारी मी अर्ध्या दिवसातच घरी आले. दार उघडलं तर आतून बीप, बीप, बीप. आई हॉबसमोर वाकून उभ्या होत्या, एका हातात चष्मा, आणि दुसऱ्या हाताचं बोट काचेवर जोर लावून दाबत होत्या, दारावरची बेल दाबावी तसं. मला पाहून त्यांनी हात झटकन मागे घेतला. आणि म्हणाल्या, “अगं, मी काही बिघडवलं नाही ना?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन-अडीच आठवडे त्या दुपारी दहीपोहे, मेतकूट-पोहे, केळं, पाव असंच खात होत्या. किटलीच्या पाण्यात चहा तेवढा गरम. पहिले काही दिवस त्यांनी वहीत बघून रोज प्रयत्न केला. कधी चालू व्हायचा, कधी नाही. कधी चालू होऊन मध्येच बंद. मग त्यांनी सोडून दिलं. आणि मला सांगितलं नाही, कारण त्यांना वाटलं दोष त्यांचा आहे. त्या मला म्हणाल्या, “चार वेळा शिकवलंस तरी माझ्या डोक्यात राहत नाही. मला विसरायला व्हायला लागलंय का गं? डॉक्टरांना दाखवू या का?”

श्रोतेहो, गणपतीत चाळीस माणसांचा स्वयंपाक एकहाती करणारी ही बाई. कुठला डबा कुठल्या फळीवर आहे ते चिपळूणच्या अंधाऱ्या कोठीत दिवा न लावता सांगणारी. तिला एका काचेच्या तुकड्यानं स्वतःच्या डोक्याबद्दल शंका घ्यायला लावली होती. आणि तो काचेचा तुकडा मी निवडून आणला होता.

मी चिडून कंपनीला फोन केला. दहा दिवसांनी एक माणूस आला. चांगला होता बिचारा. त्यानं कोरड्या बोटानं सगळ्या खुणा दाबून पाहिल्या, सगळ्या चालल्या. त्याच्या कागदावर लिहून गेला की उपकरणात दोष नाही. आणि ते खरंच होतं. हॉब जसा बनवला होता तसाच चालत होता.

मग मी जरा वाचलं, की हे प्रकरण चालतं कसं. काचेखाली धातूचे छोटे तुकडे असतात आणि त्यांच्यावर अगदी अल्प विद्युतभार असतो. आपलं बोट वीज वाहून नेतं. ते जवळ आलं की त्या भारात फरक पडतो, आणि तो फरक मोजून यंत्र ठरवतं की बोट लागलं. म्हणजे इथे जोराचा काही संबंधच नाही. आई जेवढं जोरानं दाबत होत्या, तेवढं ते व्यर्थ होतं. उलट फार वेळ बोट टेकून ठेवलं तर यंत्राला वाटतं काहीतरी सांडलंय. कारण पाणीसुद्धा तसाच फरक पाडतं. सांडलेलं पाणी आणि बोट यातला भेद त्याला नीट करता येत नाही, म्हणून ते सुरक्षिततेसाठी सगळं बंद करून टाकतं. आणि बोटाची कातडी वयानं कोरडी झालेली असेल, घट्टे पडलेले असतील, तर मुळात स्पर्शच नीट लागत नाही. म्हणजे हात ओला असला तरी पंचाईत, फार कोरडा असला तरी पंचाईत. आता स्वयंपाकघरात ओले हात नसतील तर कुठे असतील?

त्यात खुणा करड्या रंगाच्या, काळ्या काचेवर. गॅसची ज्योत दिसते, तिचा आवाज येतो. नॉब असला तर बोटांना कळतं की तो किती फिरलाय. इथे चूल चालू आहे की नाही हे सांगतो फक्त एक छोटा लाल आकडा. आणि आईंना नेमका तोच वाचता येत नव्हता.

मग मला आठवण झाली डोनाल्ड नॉर्मन यांच्या पुस्तकाची. नॉर्मन हे अमेरिकेतले मानसशास्त्राचे अभ्यासक. ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ हे त्यांचं पुस्तक 1988 साली आलं, तेव्हा त्याचं नाव थोडं वेगळं होतं. त्यात शेगडीचंच उदाहरण आहे. चार चुली चौकोनात आणि चार नॉब एका ओळीत, मग कुठला नॉब कुठल्या चुलीचा हे दर वेळी वाचून का बघावं लागतं, असा त्यांचा प्रश्न. आणि दुसरी गोष्ट ते सांगतात ती मला फार लागली. वस्तू नीट बनवलेली नसली की माणसं वस्तूला दोष देत नाहीत, स्वतःला देतात. मला जमत नाही, माझंच डोकं चालत नाही, असं म्हणतात. अगदी आईंसारखं. त्या पुस्तकातल्या शेगडीला निदान नॉब तरी होते. आपण त्यापुढे जाऊन नॉबच काढून टाकले.

हे फक्त घरापुरतं आहे असंही नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये सिंगापूरजवळ अमेरिकेच्या नौदलाची ‘जॉन एस. मॅकेन’ ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजाला धडकली. दहा नौसैनिक गेले. प्रशिक्षणातली कमतरता, थकवा अशी बरीच कारणं चौकशीत निघाली. पण त्यात एक कारण होतं जहाज चालवायचे टचस्क्रीन. वेग कमी-जास्त करायचं साधन हाताला जाणवत नव्हतं, त्यामुळे नेमकं काय चालू आहे ते सुकाणूवरच्या माणसांच्या लक्षात आलं नाही. 2019 साली नौदलानं ठरवलं की या जातीच्या जहाजांवर पुन्हा हातानं ढकलायच्या दांड्या बसवायच्या. गाड्यांचंही तसंच. युरोपात गाड्यांची सुरक्षितता तपासून तारे देणारी ‘युरो एनकॅप’ ही संस्था आहे. तिनं 2026 पासून नियम केलाय की पूर्ण गुण हवे असतील तर वळण्याचे दिवे, वायपर, भोंगा अशा काही मोजक्या गोष्टींना हाताला लागणारी खरी बटणं किंवा दांड्या हव्यात, सगळंच पडद्यावर नको. जिथे डोळे दुसरीकडे असतात तिथे हाताला काहीतरी लागायला हवं, हे नौदलाला कळलं, गाड्यांच्या जगाला कळलं. आता मला सांगा, मोहरी तडतडत असताना आपले डोळे कुठे असतात?

कंपन्यांची बाजूही सांगते. सपाट काच पुसायला खरंच सोपी. नॉबला भोक पाडावं लागतं, त्यात घाण जाते, फिरणारा भाग झिजतो. लहान मुलांसाठी कुलूप हवंच, आणि सांडल्यावर बंद होणं हेही कुणाच्या तरी भल्यासाठीच आहे. हे कुणी मुद्दाम छळायला केलेलं नाही. फक्त हे ठरवताना माझ्या आईंसारखं माणूस कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं. आणि मी दुकानात उभी होते तेव्हा माझ्याही नव्हतं.

किटलीबद्दलही एक सांगायचंय. ती आपोआप बंद होते कशी, ठाऊक आहे? आत दोन धातू एकमेकांना चिकटवलेली एक छोटी चकती असते. उकळलं की वाफ तिच्यापर्यंत येते, दोन धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, चकती टक्‌कन उलटी वळते आणि बटण पाडते. आइल ऑफ मॅन बेटावरच्या स्ट्रिक्स कंपनीतून जॉन टेलर या संशोधकानं या चकतीवर आयुष्यभर काम केलं, आणि जगभरातल्या कितीतरी किटल्यांत तिथलीच युक्ती आहे. हातानं दांडी खाली केली हे बोटाला कळतं, बंद झाली हे कानाला कळतं. 76 वर्षांची बाई पाच मिनिटांत शिकली. म्हणजे आईंना नवीन यंत्र जमत नाही असं नव्हतंच. नीट केलेलं यंत्र त्यांना लगेच जमत होतं.

आता आम्ही काय केलं ते सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांकडे आई-वडील येतात. पहिला उपाय उंचवट्याच्या टिकल्यांचा. इथे अंध आणि कमी दिसणाऱ्यांसाठी काम करणारी आर.एन.आय.बी. ही संस्था आहे, त्यांच्याकडे छोट्या, फुगीर, चिकटणाऱ्या टिकल्या मिळतात. त्या खुणेच्या शेजारी लावायच्या, खुणेवर नाही, आणि चुलीपासून दूर. याने आईंना जागा सापडायला लागली. वॉशिंग मशीनवर आणि मायक्रोवेव्हवरही लावल्या, तिथे तर फारच उपयोग झाला. पण हॉबचा ओल्या हाताचा प्रश्न तसाच राहिला.

मग आम्ही 40 पौंडांच्या आसपास एक सुटी, एका चुलीची, साध्या प्लगवर चालणारी इंडक्शन शेगडी आणली. तिला मधोमध एक मोठा गोल नॉब आहे. उजवीकडे फिरवला की जास्त, डावीकडे फिरवला की कमी. दिसायला काहीच नाही. माझ्या सुंदर ओट्यावर ती अशी दिसते जणू कुणी विसरून गेलंय. आईंनी ती पहिल्याच दिवशी चालवली. वही उघडली नाही.

घरात कुणाला पेसमेकर असेल तर एक खबरदारी: इंडक्शन चालू असताना पेसमेकर आणि शेगडी यांच्यात निदान 60 सेंटिमीटर अंतर ठेवायला सांगतात. आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि नवीन काही घेणार असाल तर माझ्यासारखं करू नका. दुकानात चालू करून दाखवायला सांगा. बाटलीतल्या पाण्यानं बोट ओलं करा आणि मग दाबून बघा. एकदा डोळे मिटून बघा, आच कमी करता येते का. घरातलं सगळ्यात मोठं माणूस बरोबर न्या, आणि त्यांनाच चालवू द्या, आपण मध्ये बोलायचं नाही. ऑनलाइन घेतलीत तर वस्तू हातात आल्यापासून 14 दिवसांत परत करायचं ठरवता येतं, कारण द्यावं लागत नाही. पण बसवून वापरलीत तर पैसे कापले जाऊ शकतात, म्हणून बसवण्याआधी विचार करा. दुकानात जाऊन घेतलीत तर नुसतं मन बदललं म्हणून परत घेण्याचं कायद्यानं बंधन नाही, दुकानाचा नियम आधी विचारा. नॉबवाले हॉब अजूनही मिळतात. थोडे शोधावे लागतात, आणि दर शनिवारी टूथब्रश घ्यावा लागतो. तो मी आता आनंदानं घेईन.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. “दुपारी काय जेवलात?” असं विचारून मी थांबत होते. आपले आई-वडील आपल्या घरी पाहुण्यासारखे असतात, आणि पाहुण्यानं तक्रार करू नये हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. ते सांगणार नाहीत. तेव्हा एखाद्या दिवशी लवकर घरी जा. त्यांना शेगडी लावताना, टीव्ही लावताना, घराचं दार आतून उघडताना नुसतं शेजारी उभं राहून बघा. जिथे त्यांचा हात अडखळेल, तिथे “आई, असं नाही” म्हणण्याआधी एकदा त्या वस्तूकडे बघा.

आई आता विसरण्याबद्दल काही बोलत नाहीत. ऑक्टोबरात परत जातील. जाण्याआधी ती सुटी शेगडी चिपळूणला नेता येईल का, असं त्यांनी विचारलंय. गॅस संपल्यावर उपयोगी पडेल म्हणे. मी म्हटलं, आई, तिचा प्लग इथला आहे, तिकडे तशीच दुसरी मिळेल. पण नॉबवालीच घ्या.

आणि हे बोलायला निघताना त्यांनी तुम्हाला एक निरोप द्यायला सांगितलाय, तो देते आणि थांबते. दडप्या पोह्यांना फोडणी जमली नाही, तर हिंग वरून तसाच कच्चा घालू नका. त्यांनी घालून पाहिला होता.